बुरुशाचे केस

आमच्या घरात ब्रश हा शब्द नव्हता, बुरुश होता. अब्बांच्या तोंडी तो दिवसातून पन्नास वेळा यायचा. "बुरुश धोया क्या?" "बुरुश कू कौन हात लगाया?" अम्मीला तिची तांब्या-पितळेची भांडी जितकी प्यारी, तितकेच अब्बांना बुरुश. मिरजेत सतारमेकर गल्लीपासून आमचं घर फार लांब नव्हतं. तिकडे भोपळ्यांच्या सतारी तयार व्हायच्या आणि आमच्या ओसरीवर पाट्या. अब्बा घरांना रंग द्यायचे, दुकानांच्या पाट्या लिहायचे, आणि सुगीनंतर ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या फळ्यांवर कमळं आणि मोर काढायचे. शिक्षण चौथी. पण मराठी, उर्दू, इंग्रजी आणि थोडं कानडी अशा चार लिप्यांत त्यांचा हात चालायचा. त्यांतल्या दोन त्यांना वाचता येत नव्हत्या, तो भाग वेगळा.

मी चित्रकलेचा मास्तर झालो. शाळेत दर जूनमध्ये पालक विचारतात, "सर, ब्रश कुठला घ्यायचा?" मी उलट विचारतो, "रंग कुठला?" लोक गोंधळतात. त्यांना वाटतं, ब्रश तो ब्रश. चपातीला आणि भाकरीला एकच तवा चालतो ना, तसं. चालतो, पण भाकरी थापणारीला विचारा.

अब्बांकडे पत्र्याची एक लांबट पेटी होती. तिच्यात बुरुशांचे कप्पे केलेले. पण चुन्याचा कुंचा मात्र त्या पेटीत कधीच नसायचा, तो बाहेर खुंटीला. अंबाडीचा किंवा घायपाताचा वाख ठेचून, भिजवून, सुतळीने आवळून केलेला. चुना दुसऱ्या कशाने लावायचाच नाही, असा त्यांचा दंडक. कारण त्यांना ठाऊक होतं, पण त्यांच्या भाषेत: "चुना बाल खाता." पुढे कोल्हापुरात ए.टी.डी. करताना मला त्याचा उलगडा झाला. चुन्याचं पाणी फार तीव्र क्षारी असतं आणि प्राण्याचा केस, आपलं नख, शिंग ही सगळी एकाच जातीची वस्तू. क्षारात ती विरघळत जाते. कोल्हापुरी चपलांसाठी कातडं कमावतात तेव्हा ते आधी चुन्याच्या पाण्यात भिजत घालतात ते याचसाठी. केस आपोआप सुटतात. चांगला शंभर रुपयांचा केसाळ ब्रश चुन्यात घालणारा माणूस त्या ब्रशाचं कातडंच कमावत असतो. वनस्पतीचा वाख मात्र चुन्याला दाद देत नाही. खेडोपाडी म्हाताऱ्या बायकांना हे न शिकवता येत होतं.

तेलरंगाचं गणित याच्या उलट. ऑइल पेंट घट्ट, चिकट. तो उचलायला केस ताठ हवा, रंग धरून ठेवायला केसाला टोक हवं, आणि ते टोक फाटलेलं हवं. हे फाटलेलं टोक ही सगळी किमया आहे. चांगल्या तेलरंगाच्या ब्रशाचा एक केस उजेडात धरून बघा. बुंध्याशी जाड, वर निमुळता, आणि शेवटी दोन-तीन फाटे, जोंधळ्याच्या कणसावरच्या तुसासारखे. त्या फाट्यांत रंग अडकतो आणि भिंतीवर सरकताना हळूहळू सुटतो. म्हणून हात मारल्यावर रेघा उमटत नाहीत. अब्बा नवा बुरुश घेताना दुकानातच ही परीक्षा करायचे. आधी केस अंगठ्याने पंख्यासारखे पसरायचे आणि मध्ये किती पोकळी आहे ते बघायचे. केसांच्या मध्ये लाकडी पट्टी घालतातच, तिच्यामुळे रंग साठायला जागा होते. पण ती फार जाड असली की बुरुश बाहेरून गलेलठ्ठ आणि आतून उपाशी. मग तळहातावर चार-पाच वेळा झटकायचे. नव्या बुरुशाचे दोन-चार केस गळतातच, पण दहा-बारा गळाले की परत. शेवटी पत्र्याची पट्टी मुठीशी हलते का ते बघायचं. दुकानदार वैतागायचा. "पेंटर, लग्नाला मुलगी बघताय का?" अब्बा म्हणायचे, "उससे जास्ती."

डिस्टेंपरचा ब्रश रुंद आणि मऊ. पाट्या लिहायचा त्याहून निराळा: केस लांब, बारीक, टोकाला पटाशीसारखे सरळ. लांब केसात रंग जास्त राहतो आणि 'किराणा व भुसार' मधला 'भु' एका दमात पुरा होतो. हा बुरुश बैलाच्या कानातल्या केसांचा. वाचकाला खोटं वाटेल, पण जगभर पाट्या लिहिणाऱ्यांचे चांगले ब्रश याच केसांचे होत आले आहेत. अब्बांचा एक मामू खाटीक गल्लीत होता, त्याच्याकडून ते केस यायचे. मग अब्बा ते साबणाने धुऊन, विंचरून, सगळ्यांची टोकं एका बाजूला करून, दोऱ्याने बांधून लाखेत बसवायचे. यात खरी कारागिरी एकाच गोष्टीत आहे: टोकाकडून केस कधीही कापायचे नाहीत. लांबी कमी करायची ती बुंध्याकडून. टोक कापलेला केस मुका होतो, असं ते म्हणायचे. बाजारातला स्वस्त ब्रश ओळखायची हीच खूण, त्याची टोकं कात्रीने भादरलेली असतात.

अक्षरांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. बोरूने लिहिणाऱ्याला देवनागरीसाठी एका बाजूला कललेला काप लागतो, इंग्रजीसाठी त्याच्या उलट. ब्रशाला काप नसतो. मनगट फिरवलं की तोच ब्रश मराठीचा इंग्रजी होतो, आणि उजवीकडून चालायला लागला की उर्दू. आमच्या मोहल्ल्यातल्या एका दवाखान्याची पाटी अब्बांनी तिन्ही लिप्यांत एकाच बुरुशाने, एका दुपारी लिहिली होती.

आता धुण्याचं. "पैले बुरुश, बाद में हात," हा नियम. संध्याकाळी काम संपलं की दमून भागून आलेला माणूस आधी हातपाय धुतो, चहा पितो. अब्बा ओसरीवर उकिडवे बसून रॉकेलच्या डब्यात बुरुश घोळवत असायचे. तेलरंग तेलातच सुटतो, पाण्याने तो नुसता गोठतो. आधी बुरुश जुन्या वर्तमानपत्रावर पुसून जेवढा रंग निघेल तेवढा काढायचा. मग थोड्या रॉकेलमध्ये पहिलं धुणं, दुसऱ्या डब्यातल्या स्वच्छ रॉकेलमध्ये दुसरं. पहिल्या डब्यातलं रॉकेल फेकायचं नाही. रात्रभर ठेवलं की रंगाचा गाळ तळाला बसतो, वरचं नितळ रॉकेल उद्याच्या पहिल्या धुण्याला. रेशनचं रॉकेल होतं, लिटरांत मिळायचं, चुलीलाही तेच. अम्मी आणि अब्बांची भांडणं बहुतेक त्या डब्यावरून झाली. शेवटी कपड्याच्या साबणाने, तळहातावर गोल गोल फिरवून, फेस पांढरा येईपर्यंत. सर्वांत जास्त रंग राहतो तो पत्र्याच्या पट्टीत, केसांच्या मुळाशी. तिथे रंग वाळला की केस फाकतात आणि बुरुशाचा झाडू होतो. म्हणून रंगात बुडवतानाच केसांच्या निम्म्यापर्यंत बुडवायचा, गळ्यापर्यंत नाही.

उद्या परत तोच रंग लावायचा असेल तर एवढं धुणंही नको. बुरुश रॉकेलमध्ये लटकवून ठेवायचा. ब्रशाच्या दांड्याला भोक असतं ते भिंतीला टांगण्यासाठी, असं पुष्कळांना वाटतं. त्या भोकातून तार ओवून ती डब्याच्या तोंडावर आडवी ठेवायची, म्हणजे केस तळाला टेकत नाहीत. टेकले की रात्रीत वाकतात, आणि वाकलेला केस पुन्हा सरळ होत नाही. माझ्या शाळेतली मुलं पाण्याच्या पेल्यात ब्रश डोक्यावर उभा करून डबा खायला जातात. दरवर्षी मला तेच दिसतं. दांड्याचं लाकूड पाणी पितं, फुगतं, वरचा रंग तडकतो, वाळल्यावर लाकूड आकसतं आणि पत्रा खिळखिळा होतो. एका मधल्या सुट्टीत ब्रश म्हातारा!

आता मुख्य गोष्ट सांगायला हवी. इतका वेळ मी तेलरंगाच्या ब्रशाचे केस कशाचे ते सांगितलं नाही.

१९९८ सालच्या रमजानच्या आधी आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीला रंग द्यायचं ठरलं. काम अब्बांकडे. त्याआधीही दोनदा त्यांनीच दिला होता. भिंतींना चुना, दारं-खिडक्या आणि कमरेएवढ्या पट्ट्याला हिरवा ऑइल पेंट. निम्मं काम झालं असताना गल्फमधून सुट्टीवर आलेला मोहल्ल्यातलाच एक मुलगा नमाजाला आला. तिकडे तो रंगाच्याच कंपनीत होता. वजू करताना त्याची नजर हौदाच्या कडेला वाळत घातलेल्या बुरुशांवर गेली. एकाच्या दांड्यावर इंग्रजीत छापलं होतं, 'प्युअर चायना ब्रिसल'. त्याने अब्बांना बाजूला घेतलं. पोरगा अदबशीर होता, चारचौघांत बोलला नाही. "चाचा, ये सुव्वर के बाल हैं."

अब्बा त्या दिवशी दुपारीच घरी आले. मी शनिवारचा कोल्हापूरहून आलेलो. त्यांनी बुरुश माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "पढ." मी वाचलं. ब्रिसल म्हणजे राठ केस, कुणाचे ते लिहिलेलं नव्हतं. पण धंद्यात त्या शब्दाचा अर्थ एकच. चीनमधून आणि आपल्याकडे कानपुराकडून डुकराच्या केसांचा मोठा व्यापार होत आलेला आहे, कारण तो फाटक्या टोकाचा केस दुसऱ्या कुठल्याही जनावराच्या अंगावर तसा नाही. मी एक केस उपटून काडीवर धरला. नख जळाल्यासारखा वास आला आणि बोटात घेतल्यावर राख भुरभुरली. नायलॉन असता तर वितळून टाचणीच्या डोक्याएवढा मणी झाला असता. म्हणजे जनावराचा हे नक्की. आणि टोकाला फाटे. अब्बांनी फाटे तीस वर्षं पाहिले होते, निवडून निवडून घेतले होते. ते काहीच बोलले नाहीत. उठले आणि बराच वेळ मोरीत हात धूत बसले.

इशाच्या नमाजानंतर मशिदीची कमिटी बसली. गोष्ट तोपर्यंत मोहल्लाभर झालेली. एकजण म्हणाला, सगळा रंग खरवडा. दुसरा म्हणाला, मागच्या दोन वेळचाही खरवडा. खजिनदाराने विचारलं, त्याचे पैसे कोण देणार? अब्बांना निम्मी रक्कम आगाऊ मिळाली होती आणि तिचा रंग येऊनही चुकला होता. ती परत मागितली असती तर अम्मीच्या पाटल्या गेल्या असत्या. मी दाराशी उभा होतो. अब्बा सगळ्यांत शेवटी उठले आणि त्यांनी फक्त रंगाऱ्याचं बोलणं केलं. भिंतींना चुना आहे आणि चुना वाखाच्या कुंच्याने लागतो, त्यात केस नाही. घुमटाखालची आयत त्यांनी लिहिली होती ती बैलाच्या केसांच्या बुरुशाने, तो बुरुश त्यांनी स्वतः बांधलेला. हा संशयातला बुरुश फिरला तो दारं, खिडक्या आणि हिरवा पट्टा यांवर. "उतनाच," असं म्हणून ते खाली बसले.

इमामसाहेब वृद्ध होते, हळू बोलायचे. त्यांनी सांगितलं की हा प्रश्न आजचा नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात डुकराच्या केसाची चर्चा आहे, ती चांभारांच्या निमित्ताने. चामडं शिवताना दोऱ्याच्या टोकाला तो राठ केस लावायचे, सुईसारखा. त्यावाचून काम होत नव्हतं म्हणून जरुरीपुरती मोकळीक दिली गेली. मग त्यांनी अब्बांना विचारलं, "दुसऱ्या कशाने हे काम होतं का?" अब्बा म्हणाले, नायलॉनचा बुरुश सांगलीत मिळतो. रेघा उमटतात, पण होतं. इमामसाहेब म्हणाले, मग जरुरी संपली. पाण्याने धुऊन घ्या, पुढचा हात नायलॉनचा द्या. मागच्या वर्षांचं कुणी काढू नये.

रंग कमिटीने दिला, मजुरी अब्बांनी सोडली. चार दिवस त्यांनी आणि मी ती दारं धुतली, पॉलिश पेपर मारला, पुन्हा रंगवली. माझी सासुरवाड पुढे चिपळूणची झाली. कोकणातली मंडळी शाफई. सासऱ्यांना मी ही हकिगत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे असता तर सात वेळा धुवायला लावलं असतं, त्यात एकदा मातीने. बरं झालं मिरजेत होतास."

राहिले पेटीतले बुरुश. तसले अकरा होते. अकरा चांगले, हाताला बसलेले बुरुश म्हणजे रंगाऱ्याचं भांडवल. अब्बांचे कामातले भागीदार होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. जातीने जैन. अब्बा म्हणाले, "अण्णा, तुम्ही न्या, तुम्हाला काय हरकत." अण्णांनी पेटीकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. त्यांच्या बस्तीला त्यांनी याच बुरुशांनी रंग दिलेला. "तुमच्यात डुक्कर नको म्हणून, आमच्यात मारलेलं कुठलंच जनावर नको. घरी कळलं तर बायको मला बुरुशासकट बाहेर काढील." दोघं ओसरीवर त्या अकरा बुरुशांकडे बघत बसले होते, ते मला अजून दिसतं. शेवटी साखर कारखान्याच्या नळ्यांना रेड ऑक्साईड मारणारा एक ठेकेदार अर्ध्या किमतीत घेऊन गेला. त्याला फक्त बुरुश हवे होते.

सुरुवातीचा नायलॉन खरंच वाईट होता. केस गुळगुळीत, टोक बोथट, रंग धरेना. अब्बांनी त्यावर एक उपाय काढला. नवा ब्रश खरबरीत फरशीवर पाण्याबरोबर थोडा थोडा घासायचा, की टोकं झिजतात आणि फाटतात. कारखानेही तेच करतात. आता टोक फोडलेले, निमुळते केलेले कृत्रिम केस सर्रास मिळतात आणि तेलरंगालाही चांगले चालतात. शिवाय तोवर रंगच बदलत गेले. डिस्टेंपर मागे पडला, पाण्यात कालवायचे इमल्शन आले. इथे गंमत अशी की पाण्याच्या रंगाला डुकराचा केस मुळात निरुपयोगी. तो पाणी पितो, मऊ पडतो, दुपारपर्यंत ओल्या मांजरासारखा होतो. नायलॉन आणि पॉलिस्टर फारसं पाणी पीत नाहीत, पुष्कळ वेळ ताठ राहतात. ज्या गोष्टीपायी अब्बांची झोप उडाली होती, तिची दहा वर्षांत धंद्यालाच जरुरी उरली नाही. इमल्शनचा ब्रश लगेच पाण्यात धुवायचा, एवढंच पथ्य. वाळला की तो रंग प्लास्टिक होतो, मग रॉकेल घाला नाहीतर गंगाजळ. फ्रेंच पॉलिशला तर ब्रशापेक्षा कापडाचा बोळाच बरा. आणि जवसाच्या तेलाने भरलेल्या चिंध्या ढिगाने टाकू नयेत. ते तेल वाळताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. सुतारांच्या खोक्यांत असे प्रकार होतात. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

ज्यांना वाटतं की हा रंगाऱ्यांचा प्रश्न, आपल्याला काय, त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात डोकावावं. कबाबावर, नानवर तूप-लोणी फिरवायला पुष्कळ ठिकाणी हार्डवेअरच्या दुकानातला ब्रशच आणतात. लाकडी दांडा, पांढरे राठ केस. तो कशाचा ते कुणी बघतं का? दात घासायचा ब्रशही कोणे एके काळी त्याच केसांचा असे. अमेरिकेत १९३८ साली नायलॉनच्या केसांचा पहिला टूथब्रश निघाला, त्यानंतर हळूहळू ते मागे पडलं. आमचे दादा टूथब्रशला शेवटपर्यंत हात लावत नव्हते, मिस्वाकच वापरायचे. घरातले त्यांना जुनाट म्हणून हसायचे. मलेशियात डुकराच्या किंवा कुत्र्याच्या अंशापासून केलेल्या वस्तूवर तसं लिहिणं २०१३ च्या एका हुकमाने बंधनकारक झालं, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत तिथल्या अधिकाऱ्यांनी दुकानांवर छापे घालून दोन हजारांवर रंगाचे ब्रश जप्त केले. आपल्याकडे काडेपेटी हीच प्रयोगशाळा. एक केस जाळून बघावा. मणी झाला तर तो केस जनावराचा नाही. राख झाली तर स्वयंपाकघरात आणू नये, कारण जनावर कुठलं ते राख सांगत नाही. माझ्या बायकोने सिलिकॉनचा घेतला आहे, तो सर्वांत उत्तम; गरम पाण्यात उकळताही येतो.

जलरंगाचा ब्रश ही माझी स्वतःची दुनिया. तिथे केस मऊ लागतो, पोटात पाणी साठवणारा आणि टोकाला सुईसारखा मिळणारा. पूर्वी मोगल चित्रशाळेतले उस्ताद खारीच्या शेपटीचे केस पाखराच्या पिसाच्या नळीत बसवायचे. पिसाची नळी भिजवली की सैल होते आणि वाळली की आवळते. युरोपात कोलिन्स्की नावाच्या सायबेरियातल्या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीला मान. 'कॅमल हेअर' म्हणून जो विकतात त्यात उंटाचा एक केस नसतो. खार, बकरी, घोडा जे हाताला लागेल ते. नाव तेवढं उंटाचं. कोल्हापुरात मी आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रं पहिल्यांदा बघितली. शाहू महाराजांच्या पदरी असलेले, मुंबईच्या जे.जे.त शिकून आलेले आणि कोटितीर्थाच्या काठी फकिरासारखे राहिलेले हे चित्रकार १९३१ साली वारले. त्यांच्या पाण्यावरची ती ओली कड बघून माझ्या मनात चित्राआधी ब्रश आला. हा ब्रश कशाचा असेल? रंगाऱ्याच्या पोराचं डोकं, दुसरं काय.

आणि मुंगूस. माझ्या विद्यार्थिदशेत चित्रकारांचा आवडता ब्रश मुंगसाच्या केसांचा होता. टोक मिळतं, पाणी धरतो, आणि परदेशी ब्रशापेक्षा फार स्वस्त. पण मुंगूस पाळीव नाही, त्याचे केस भादरून घेत नाहीत, त्याला मारूनच घेतात. एका मुंगसाचे कामाला येणारे केस मूठभरही नसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला संरक्षण आहे आणि त्याच्या केसांचा ब्रश बनवणं, विकणं हा गुन्हा आहे. तरी धंदा चालूच राहिला. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यात शेरकोट म्हणून गाव आहे, ब्रशांवर जगणारं. २०१९ च्या ऑक्टोबरात 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने देशभर छापे पडले, त्यात ते गावही होतं. कारखानदारांवर खटले होवोत; पण तिथे केस विंचरत बसणाऱ्या मजुरांचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांची बोटंही अब्बांसारखीच असणार. माझ्या वर्गात मात्र मी कृत्रिम केसांचाच ब्रश सांगतो. गोल, दोन, सहा आणि दहा नंबर, एवढे तीन पुरे. बारा ब्रशांचा संच घेणाऱ्या पालकांचे नऊ ब्रशांचे पैसे वाया जातात. आणि ओठांत धरून टोक काढायचं नाही. ही सवय पाट्या लिहिणाऱ्या जुन्या लोकांत सार्वत्रिक होती, आणि पिवळ्या-लाल रंगांत तेव्हा शिसं मुबलक असे. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून.

फ्लेक्स आल्यावर पाच-सहा वर्षांत अब्बांचं पाट्यांचं काम संपलं. त्याचं रडगाणं मी इथे गात नाही. आमच्या मोहल्ल्यातली मुलं आज तेच फ्लेक्स छापून पोटं भरतात. अब्बांचा उजवा हात पुढे थरथरायला लागला. लिहिणं बंद झालं, पण धुणं त्यांनी स्वतःकडे ठेवलं. मी शाळेतून मुलांचे टाकून दिलेले ब्रश घेऊन यायचो, वाळलेल्या रंगाने दगड झालेले. ते कोमट पाण्यात साबण घालून रात्रभर भिजवायचे, सकाळी नखाने आणि बारीक कंगव्याने मुळापासून टोकाकडे विंचरायचे, कधी उलट नाही. दहातले चार जगायचे.

बैलाच्या केसांचा तो लिहायचा बुरुश अब्बांनी शेवटच्या वर्षी माझ्या हातात दिला. धुऊन झाल्यावर त्याला खोबरेल तेलाचा एक थेंब लावायचा, दोन बोटांत टोक सरळ करायचं, कागदाच्या सुरळीत घालून आडवा ठेवायचा. पेटीत कडुलिंबाचा पाला, नाहीतर कसर लागते. केस म्हणजे तिला लोकरीसारखाच. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उन्हाला. वापरायच्या आधी तेल रॉकेलमध्ये काढून टाकायचं, विसरलं तर रंग भिंतीवर फुटतो. आता रॉकेल मिळत नाही, मी टर्पेंटाइन वापरतो. घुमटाखालची ती आयत दर तीन-चार वर्षांनी मला त्याच बुरुशाने उजळावी लागते, कारण पाऊस कौलाच्या कडेने तिथेच उतरतो.